हातावरचा चट्टा तपासताना या चुका टाळा

फिकट किंवा लालसर चट्टा घेऊन माणूस प्राथमिक आरोग्य केंद्रात येतो, तोवर त्यावर फार्मसीतून आणलेली दोन-तीन मलमं लावून झालेली असतात. असा चट्टा कुष्ठरोगाचाही असू शकतो. पहिली चूक तीच. स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि अँटिबायोटिक एकाच ट्यूबमध्ये असलेलं मलम कुष्ठरोगाच्या चट्ट्याची लाली उतरवतं. चट्टा निवळल्यासारखा वाटतो, घरचे निश्चिंत होतात आणि आत मज्जातंतूचं नुकसान चालूच राहतं. नायटा असेल तर याच मलमाने त्याची गोल कडा पुसली जाते, मग तो नायटा म्हणून ओळखूच येत नाही. कुष्ठरोगाचा चट्टा बहुधा बधिर असतो, म्हणून आधी संवेदना तपासा, मलमाचं नंतर पाहू. चट्ट्यावर मलम चालू असेल तर ते थांबवून साधारण दोन आठवड्यांनी खरवड घ्या आणि 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते का बघा.

"लागतं का?" असं विचारू नका

संवेदना तपासताना सगळ्यात जास्त गोंधळ या प्रश्नाने होतो. माणूस डॉक्टरला बरं वाटावं म्हणून "हो" म्हणतो. तुम्ही ठरावीक लयीत स्पर्श करत गेलात तर चट्टा पूर्ण बधिर असला तरी त्या तालावर "हो, हो" चालू राहतं. आधी डोळे उघडे ठेवून चांगल्या कातडीवर स्पर्श करून दाखवा. मग डोळे मिटायला सांगा आणि जिथे स्पर्श झाला तिथे बोट ठेवायला लावा. स्पर्शांमधलं अंतर कमी-जास्त करा, मधूनच हात लावल्यासारखं करून लावू नका. नायलॉनचा धागा वाकेपर्यंत टेकवायचा आणि उचलायचा, ओढायचा नाही. बॉलपेनही चालतं, पण अलगद, कातडी दबणार नाही इतपतच. कापसाने तपासत असाल तर दंड आणि कोपराखालच्या भागावरची लव हलू देऊ नका. लव हलली की बधिर जागीही काहीतरी जाणवतं.

चट्ट्याच्या मध्यावर तपासा, नुसत्या कडेवर नको, आणि शेजारच्या चांगल्या कातडीशी, दुसऱ्या हाताच्या त्याच जागेशी तुलना करा. तळहाताला घट्टे पडलेले असतील, बांधकामावरच्या किंवा होडीवरच्या माणसाला असतातच, तर तिथे 2 ग्रॅमचा, म्हणजे तेवढ्या दाबाला वाकणारा, धागा वापरा. त्याहून हलका धागा घट्टे पडलेल्या निरोगी तळहातालाही कळेलच असं नाही. शंका राहिली तर एका परीक्षानळीत कोमट आणि दुसरीत गार पाणी घ्या. गरम-गारचा फरक स्पर्शाच्या आधी हरवतो, त्यामुळे लवकरच्या चट्ट्यात ही साधी चाचणी जास्त बोलते. आणखी एक खूण गोव्याच्या दमट हवेत फुकट मिळते: बाकी हात घामाने ओला आणि चट्टा कोरडा, तर त्या जागेची घामाची नस काम करत नाही.

संवेदना शाबूत आहे म्हणजे कुष्ठरोग नाहीच, असं मात्र समजू नका. जंतूंची संख्या जास्त असलेल्या प्रकारात दोन्ही हातांवर सारखे, अस्पष्ट, चमकदार चट्टे असतात आणि त्यांत सुरुवातीला स्पर्श नीट कळतो. अशा वेळी कानाची पाळी जाड झाली आहे का, भुवयांची बाहेरची बाजू विरळ झाली आहे का, हे पाहा आणि पाळीतून व चट्ट्यातून त्वचेचा रस काढून तपासायला पाठवा. चीर 5 मिमी लांब, 2 मिमी खोल. त्वचा चिमटीत घट्ट दाबून ठेवायची, रक्त मिसळता कामा नये. उलट पाच किंवा कमी चट्टे असलेल्यांत ही तपासणी बहुधा निगेटिव्ह येते, तेव्हा तिच्या भरवशावर रोग्याला घरी पाठवू नका.

कोपर चाचपायचं राहून जातं

चट्ट्याकडे पाहता पाहता नस, म्हणजे मज्जातंतू, विसरली जाते. रोग्याचं कोपर थोडं वाकवा, आतल्या हाडाच्या मागच्या खोबणीत आणि तिथून थोडं वर बोटांच्या गादीने हलकेच चाचपा, टोकाने दाबू नका. दोन्ही बाजू तपासा: कष्टाचं काम करणाऱ्यांची नस निरोगी असूनही हाताला लागते, पण एकच बाजू जाड आणि दुखरी असेल तर ती साधी गोष्ट नाही. मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला कातडीखालून जाणारी दोरीसारखी नसही फिरवून पाहा. मग ताकद: करंगळी बाहेर रोखून धरता येते का, दोन बोटांत धरलेला कागद ओढला तर सुटतो का, अंगठा तळहातापासून वर उचलता येतो का, मनगट वर उचलून धरता येतं का. चट्टा नसताना फक्त नस जाड आणि करंगळी बधिर असलेला माणूस वर्षानुवर्षं मानेच्या मणक्याचे उपचार घेत राहू शकतो. चुलीचा चटका कळला नाही, असं कोणी सांगितलं तर तो प्रसंग नोंदवा, हसण्यावारी नेऊ नका.

फसवणारे बाकीचे

कुष्ठरोगाचा चट्टा दुधासारखा पांढरा कधीच होत नाही; तसा असेल आणि वरचे केसही पांढरे असतील तर ते कोड. शिब्यावर नखाने खरवडलं की पिठासारखा कोंडा निघतो. लहान मुलांच्या गालावर, दंडावर फिकट ठिपके येतात, ते बहुधा साधे असतात, पण संवेदना बघूनच तसं म्हणा.

काजूच्या मोसमात वेगळंच होतं. टरफलातल्या तेलात ॲनाकार्डिक आम्ल आणि कार्डोल असतं. बिया भाजताना किंवा फोडताना ते उडालं की कातडी जळते, काळपट खपली धरते, बरी झाली की फिकट डाग राहतो. मे महिन्यात असा डाग पाहिला तर आधी काजूचं काम केलं का विचारा. जळजळ झाली होती आणि संवेदना शाबूत, मग घाबरण्यासारखं नाही.

मासळी साफ करणाऱ्याच्या किंवा मत्स्यटाकी सांभाळणाऱ्याच्या बोटावर न भरणारी गाठ, आणि तिच्यापासून कोपराकडे ओळीने चढलेल्या गाठी, हा क्षयाच्या जंतूच्या भाऊबंदाचा, मायकोबॅक्टेरियम मरीनमचा संसर्ग असू शकतो. अशीच ओळ कुळागरात, म्हणजे सुपारीच्या बागेत, काटा टोचल्यावर स्पोरोट्रिक्स बुरशीनेही उठते. दोन्हींना नेहमीच्या अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही. तपासणीसाठी कातडीचा तुकडा काढाल तेव्हा दोन भाग करा: एक फॉर्मलिनमध्ये, दुसरा सलाइनमध्ये जंतुवाढीसाठी. पूर्ण तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकला की जंतुवाढीची तपासणी तिथेच संपली. आणि प्रयोगशाळेला शंका लिहून कळवा, कारण मरीनम 30 ते 32 अंशांवर वाढतो. नेहमीच्या 37 अंशांवर ठेवला तर निगेटिव्ह अहवाल हातात पडतो. कुष्ठरोगासाठी तुकडा चट्ट्याच्या सक्रिय कडेवरून, त्वचेखालच्या चरबीपर्यंत घ्या. निदान अडलं तर बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचाविभागात पाठवा, तपासणीच्या नोंदींसह.

औषध सुरू झाल्यावर

सरकारी केंद्रात मोफत मिळणाऱ्या बहुऔषधी उपचारात रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन असतं. लघवी लाल होते, कातडी काळवंडते, रोगी घाबरून गोळ्या सोडतो. हे पहिल्याच दिवशी सांगितलं तर टळतं. मधेच चट्टे अचानक लाल होऊन सुजले किंवा नस दुखू लागली तर ती ॲलर्जी समजून औषध बंद करू नका. ती कुष्ठरोगाच्या जंतूंविरुद्ध शरीराची प्रतिक्रिया आहे: उपचार चालू ठेवून त्याच दिवशी ताकद आणि संवेदना पुन्हा तपासा. नवी कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल तर स्टेरॉइडच्या गोळ्यांनी परत येण्याची शक्यता असते, उशीर केला तर बोटं वाकलेलीच राहतात.

घरातल्या सगळ्यांची कातडी आणि नसा तपासा. रोग नसलेल्या संपर्कातल्यांना रिफाम्पिसिनची एक मात्रा दिली जाते, पण त्याआधी कुष्ठरोगाची आणि क्षयाची लक्षणं नाहीत याची खात्री करा. रोग असेल तर एवढ्या एका मात्रेने तो बरा होत नाही, उलट जंतू त्या औषधाला दाद देईनासे होऊ शकतात.