सी हॅरिअर बांधायला घेताय? आधी बोगमाळोला जा

गोव्यात राहून जेट विमानांची मॉडेलं बांधणाऱ्यांची एक मोठी चैन आहे. खरी विमानं आपल्या दारात उभी आहेत. दाबोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या वाटेवर नौदलाचं विमान संग्रहालय आहे आणि तिथे सी हॉक, अलिझे, सी हॅरिअर अगदी जवळून बघता येतात. किट उघडण्याआधी तिथे एक फेरी मारा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगतो.

मी १/७२ प्रमाण धरतो. साडेचौदा मीटरचं सी हॅरिअर त्यात वीस सेंटिमीटरांत बसतं आणि कपाटात पुढच्या विमानांना जागा राहते.

तिथे गेल्यावर आधी वाकून चाकं बघा. हॅरिअरच्या पोटाखाली पुढे एक चाक, मागे जोडचाक आणि पंखांच्या टोकांना दोन बारकी आधारचाकं. मॉडेलमध्ये ही सगळी एकाच वेळी जमिनीला टेकवणं हेच खरं कसब. मी पोटाखालची आधी चिकटवतो आणि पूर्ण सुकू देतो. मग आधारचाकांना सिमेंट, म्हणजे प्लॅस्टिक जोडायचा गोंद, लावून, ते ओलं असतानाच विमान काचेवर उभं करतो. काच सपाट असल्याने दोन्ही पाय बरोबर उंचीवर बसतात.

रंगाची छटा मात्र तिथली धरू नका. उघड्यावरची विमानं उन्हापावसात विटतात, पुन्हा रंगवली जातात. त्यासाठी सेवेतल्या काळातले फोटो शोधा. १९८३ मध्ये आलेली हॅरिअर वरून गडद करडी, खालून पांढरी होती. पुढे दोन करड्या छटांची झाली आणि २०१६ मध्ये निवृत्त झाली. तेव्हा विमान कुठल्या काळातलं करायचं ते आधी ठरवा. त्याच फोटोंत हवा घेणाऱ्या तोंडाभोवतीची छोटी दारंही निरखा. इंजिन बंद असलं की वरची दारं स्वतःच्या वजनाने आत पडतात, खालची मिटलेली राहतात. एवढं दाखवलंत तरी जाणकाराची नजर तिथे थांबते.

आता आपली हवा. पावसाळ्यात कापणं, चिकटवणं, पुट्टी, घासणं खुशाल करा. फवारणी गणेशचवथ उलटून आभाळ मोकळं होईपर्यंत थांबवा. दमट हवेत लॅकर बाष्प धरतं आणि पांढुरकं पडतं. दिवाळीच्या नरकासुराचे पुतळे रंगवून स्प्रेवर हात बसलेली पोरं आमच्याकडे वाड्यावाड्यावर आहेत, पण नरकासुर लांबून बघायचा असतो. इथे एअरब्रशचा दाब कमी हवा, रंग दुधाइतका पातळ हवा आणि थर पुसट हवेत. एका थरात झाकायला गेलात तर पॅनेलच्या, म्हणजे पत्र्यांच्या जोडांच्या, कोरीव रेघा बुजल्याच म्हणून समजा.

प्रायमर मारला की सांध्यातली प्रत्येक फट उघडी पडते, म्हणून तो टाळू नका. आधी पांढरा, मग मास्किंग टेप लावून करडा. त्यावर ग्लॉसचा थर द्या आणि मगच डेकल, म्हणजे विमानावरच्या खुणांची पातळ चित्रं, बसवा. खडबडीत मॅटवर लावलेल्या डेकलखाली हवा अडकते आणि कडेला चंदेरी झाक दिसते. डेकल सुकली की मॅट वॉर्निश. नाकावरची पिटो नळी (हवेतला वेग मोजणारी) आणि अँटेना सगळ्यात शेवटी चिकटवा, नाहीतर हाताळताना मोडतात.