बंदूक गाडीत घेऊन दुसऱ्या राज्यात जाताय? आधी हे वाचा

अमेरिकेतल्या आपल्या लोकांनो, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर आधी थांबा, शिकारीचं लायसन वगैरे मोजके अपवाद सोडले तर फेडरल कायद्याने बंदूक जवळ ठेवताच येत नाही, ग्रीन कार्ड असेल तर पुढचं बघा.

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या पात्र माणसाला परमिटशिवाय हँडगन बाळगता येते, पण न्यू जर्सी बाहेरच्या राज्याचं कुठलंच परमिट मानत नाही. मग तिथून पुढे न्यू हॅम्पशायरला जायचं तर काय? १९८६ चा फेडरल कायदा आहे, त्याने मधल्या राज्यातून बंदूक नेता येते, पण निघता तिथे आणि पोचता तिथे बंदूक कायदेशीर हवी, गोळ्या काढलेल्या, बंदूक आणि गोळ्या दोन्ही डिकीत, डिकी नसेल तर कुलूपबंद पेटीत, ग्लव्ह बॉक्स चालत नाही बरं का.

आणि मुक्काम टाळा, प्लीज! २००५ मध्ये युटाहच्या एका माणसाचं न्यू जर्सीतल्या नेवार्कला विमान चुकलं, बंदूक असलेली बॅग घेऊन हॉटेलात राहिला, सकाळी एअरपोर्टवर स्वतःहून बंदूक आहे म्हणून सांगितलं तर अटक, वर त्या अटकेविरुद्ध केलेला दावा २०१० मध्ये अपील कोर्टातही हरला. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी वाटेतल्या प्रत्येक राज्याच्या पोलिसांची वेबसाइट उघडून बघाच.