आयटी सोडून नाटकात यायचंय? पेपर टाकायच्या आधी एवढं करा

हिंजवडीत जॉब आणि रात्री तालीम असं करणारे पुण्यात भरपूर आहेत, आणि त्यातलं कोणी ना कोणी विचारतंच की दादा, पूर्णवेळ यायचंय, काय करू? मी आयटी सोडून प्रकाशयोजनेत आलोय, म्हणून मनापासून सांगतो.

पगार चालू असतानाच कामाची कंटाळवाणी बाजू करून बघा. भरत नाट्य मंदिरात किंवा सुदर्शन रंगमंचला बसून प्रयोग बघणं वेगळं, आणि सकाळपासून शिडीवर चढून एकेक लाइट फोकस करणं, जेल (लाइटपुढे लावायचा रंगीत पारदर्शक कागद) कापून लावणं, रात्री बाकीचे जेवायला गेले की केबल गुंडाळत बसणं वेगळं. हॅलोजनचा बल्ब उघड्या बोटांनी धरला की बोटांचं तेल काचेला लागून तो लवकर उडतो, म्हणून फडक्याने धरायचा, असल्या बारीकसारीक गोष्टी शिकताना मजा येतीये का ते बघा. येत असेल तरच पुढचं.

मेडिक्लेम स्वतःचा काढा, तोही राजीनाम्याच्या आधी. कंपनीचं कव्हर नोकरीबरोबर जातं आणि नवीन पॉलिसीत आधीपासूनच्या आजारांना ३ वर्षांपर्यंत वेटिंग असू शकतं, आईबाबांना शुगर-बीपी असेल तर हे सगळ्यात आधी करा. होम लोन घ्यायचं असेल तर तेही आत्ताच, नंतर सॅलरी स्लिप नसते आणि बँक मागच्या २-३ वर्षांचे इन्कम टॅक्स रिटर्न मागते. कंपनीत ५ वर्षं पूर्ण व्हायला थोडेच महिने राहिले असतील तर थांबा, ग्रॅच्युइटी मिळते, आणि पीएफ ५ वर्षांच्या आत काढला तर टॅक्स लागतो.

वर्षभराचा घरखर्च ईएमआय धरून बाजूला ठेवा. नाइटचे (म्हणजे एका प्रयोगाचे) पैसे कमी असतात आणि उशिरा येतात, हे बायकोला किंवा नवऱ्याला आकडे मांडून सांगा, नुसतं "माझं पॅशन आहे" म्हणून घरचे तयार होत नाहीत आणि का व्हावेत?

आणि कॉर्पोरेट इव्हेंटच्या लाइटिंगला नाकं मुरडू नका राव, प्रायोगिक नाटक करायची मोकळीक त्यातूनच मिळते. ते पेमेंट बहुतेक वेळा टीडीएस कापून येतं, त्यामुळे उत्पन्न कमी असलं तरी रिटर्न भरा, जास्तीचा कापलेला टॅक्स तेव्हाच परत मिळतो.