डोक्याला मार लागल्यावर माणूस 'आळशी' होतो तेव्हा घरी काय करायचं

माझा भाऊ बाईकवरून पडला, डोक्याला मार लागला, दोन महिन्यांत चालायला-बोलायला लागला आणि आम्हाला वाटलं सुटलो. मग दिसलं की सांगितल्याशिवाय हा आंघोळीला उठत नाही, चहा ठेवतो आणि गॅस तसाच सोडून गॅलरीत जाऊन बसतो. आई म्हणायची आळशी झालाय. आळस नाही हो तो, कपाळामागचा मेंदूचा जो भाग, फ्रंटल लोब, असतो ना, काम सुरू करणं, क्रम लावणं, मध्ये भरकटलं तर परत येणं हे सगळं तिथून चालतं, आणि मार बसला की नेमकं तेच अडतं.

एकच काम निवडा, आम्ही चहाच घेतला. पायऱ्या त्याच्याच तोंडून काढा, मार्करने मोठ्या अक्षरात लिहून ओट्यावर चिकटवा, शेवटची पायरी "गॅस बंद". प्रत्येक पायरीला त्याने टिक करायची. सुरुवातीला शेजारी उभं राहायचंच, गॅस आहे शेवटी. सकाळीच करा, मेंदू लवकर थकतो, वीस मिनिटं झाली की बास.

आता सगळ्यात अवघड गोष्ट, ती पेशंटला नाही, आपल्याला करायचीय. तो अडला की "दूध घाल" म्हणायचं नाही, "आता पुढे काय?" एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. आईला हे जमायला महिना लागला, तिचा हात आपोआप पातेल्याकडे जायचा. (स्मरणशक्तीही गेली असेल तर मात्र अंदाज करायला लावू नका, चुकलेलंच डोक्यात बसतं, तिथे सरळ बरोबर ते सांगा.)

मोबाईलवर दिवसात पाच-सहा अलार्म लावा, त्यावर काम लिहायचं नाही, नुसतं "थांब, काय करत होतास?" कामाचं नाव नसतं म्हणून ते त्यालाच आठवावं लागतं.

आणि कागदावरच्या टेस्ट नॉर्मल आल्या म्हणून खूश होऊ नका. शॅलिस आणि बर्जेस या मेंदू-मानसशास्त्राच्या संशोधकांनी १९९१ मध्ये छापलेल्या अभ्यासात फ्रंटल लोबला इजा झालेल्या तीन पेशंटना लंडनमध्ये दुकानांच्या रस्त्यावर साध्या खरेदीला पाठवलं, बुद्धीच्या चाचण्यांत चांगले असलेले ते लोक तिथे गोंधळले. तुम्हीही किराण्यावर पाठवून बघा, तीन वस्तू, शंभराची नोट आणि एकच नियम, दुकानात दुसऱ्यांदा जायचं नाही. तुम्ही लांब उभे राहा.

काम जमायला लागलं की आधार एकेक करून काढा, आधी तुम्ही स्वयंपाकघरातून बाहेर, मग अलार्म कमी, कागद सगळ्यात शेवटी. ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं पुन्हा शिकवणारा) मिळाला तर हे सगळं त्याच्याकडून बसवून घ्या. डोकेदुखी वाढली, उलट्या झाल्या किंवा नेहमीपेक्षा जास्त झोपाळू वाटला तर सराव-बिराव बाजूला, आधी हॉस्पिटल.

आमचा कागद अजून ओट्यावर आहे, तेलकट झालाय, तो त्याकडे बघत नाही पण काढूही देत नाही.