क्लच पेडलचा पल्ला घरच्या घरी कमी करताय? या चुका टाळा

माझ्या धाकट्या बहिणीची उंची १४७ सेंटीमीटर. आमच्या केबलच्या क्लचवाल्या गाडीत पेडल तळापर्यंत दाबायचं, तर तिला सीट इतकी पुढे ओढावी लागायची की स्टिअरिंग छातीशी यायचं. एअरबॅगवाल्या स्टिअरिंगपासून छाती किमान २५ सेंटीमीटर लांब असावी, एवढं आम्हाला माहीत होतं. पाठीला उशी लावून तर ती आणखीच पुढे सरकायची. मग पेडललाच थोडं अलीकडे थांबवता येईल का, या विचाराने मी हे काम हातात घेतलं. पुढे ओळखीच्या काही गाड्यांनाही स्टॉपर बसवले, आणि जवळपास तितक्याच गाड्यांतून इतरांनी बसवलेले काढूनही टाकले. काढावे लागलेल्यांत चुका त्याच त्याच होत्या.

पल्ला कुठून कापायचा?

सगळी गडबड इथे होते. पेडल वरून खाली जाताना तीन टप्पे येतात. अगदी वरचा थोडासा ढिला भाग, ज्याला गॅरेजमध्ये 'प्ले' म्हणतात. मग कामाचा भाग: इथे रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की पुढे सरकणारं बेअरिंग) प्रेशर प्लेटच्या, म्हणजे क्लच प्लेटला इंजिनाशी दाबून धरणाऱ्या भागाच्या, पाकळ्या दाबतं आणि क्लच प्लेट सुटते. प्लेट पूर्ण सुटल्यानंतर तळापर्यंत जो पल्ला उरतो, तो तिसरा. त्यातला काही भाग राखीव म्हणून ठेवावाच लागतो, पण काही खरोखर जास्तीचा असतो. आपल्याला कापता येतो तो हाच तुकडा. म्हणजे पेडलखाली एक स्टॉपर बसवायचा, म्हणजे पाय तळापर्यंत न जाता थोडा अलीकडे थांबेल. पेडलचा जोर यात अजिबात वाढत नाही, कारण कामाच्या भागाला हात लावलेलाच नसतो.

बरेच जण नेमकं उलट करतात. क्लचची वायर ताणून वरचा प्ले शून्यावर आणतात. पेडल लगेच काम करतं, पल्ला कमी झाल्यासारखा वाटतो आणि दोन दिवस आनंदात जातात. पण प्ले म्हणजे बिघाड नव्हे, तो मुद्दाम ठेवलेला असतो. तो गेला की पाय पेडलवर नसतानाही बेअरिंग पाकळ्यांवर टेकून फिरत राहतं आणि प्रेशर प्लेटची पकड सैल पडते. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी त्या मानाने पुढे जात नाही, जळका वास येतो. याला क्लच स्लिप मारणं म्हणतात, आणि प्लेट अशीच जळते. शिवाय प्लेट झिजत जाते तसा केबलवाल्या गाडीत प्ले आपोआप कमी होतो, त्यामुळे आज शून्यावर ठेवलेला प्ले पुढच्या महिन्यात शून्याच्याही खाली जाणार. केबलवाल्या गाडीत पेडलपाशी साधारण दीड-दोन सेंटीमीटर प्ले लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तकात असतो, तोच धरा.

ऑइलवर चालणाऱ्या हायड्रॉलिक क्लचमध्ये ही चूक जास्त फसवी आहे. पुशरॉड (पेडलपासून पिस्टनला ढकलणारी दांडी) लांब करून प्ले काढला की मास्टर सिलिंडरचा, म्हणजे ऑइलवर दाब देणाऱ्या सिलिंडरचा, पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि आतलं बारीक परतीचं छिद्र झाकलेलं राहतं. ऑइल गरम होऊन फुगलं की त्याला टाकीकडे परत जायला वाट मिळत नाही, दाब लाइनमध्येच अडकतो आणि क्लच आपोआप अर्धवट दाबला जातो. गाडी घरून निघते तेव्हा ठणठणीत असते, अर्ध्या तासाने स्लिप मारते, गार झाली की पुन्हा बरी होते. अशी तक्रार घेऊन आलेल्या गाडीत मी आधी पुशरॉडच बघतो.

थंड इंजिनावर स्टॉपर लावणं

ही चूक माझी स्वतःची. डिसेंबरातल्या सकाळी, इंजिन गार असताना मी पहिला स्टॉपर लावला. गिअर छान पडत होते म्हणून तो अगदी काठावर नेला. मे महिन्यात पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात गाड्यांची रांग लागली. वीसेक मिनिटं हाफ क्लचवर चढत राहिलो आणि पहिला गिअर पडेचना. रिव्हर्स टाकायला गेलो तर असा खरखरला की मागच्या सीटवर बसलेली आई दचकली. बाजूला घेऊन, इंजिन बंद करून, पान्याने स्टॉपर पूर्ण खाली केला तेव्हा गाडी पुढे निघाली.

तापलेली क्लच प्लेट फुगते, किंचित वाकते, आणि सुटायला जास्त जागा मागते. केबलचं बाहेरचं आवरणही उष्णतेने मऊ पडतं, त्यामुळे पेडलचा थोडा पल्ला वाटेतच मुरतो. हायड्रॉलिकमध्ये जुन्या ब्रेक ऑइलने ओढलेला ओलावा तेच करतो. खालचा राखीव पल्ला कारखान्याने ठेवलेला असतो तो या दिवसासाठी.

म्हणून मापं गरम गाडीवर घ्या. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, समोर कोणी नाही. क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाका, उजवा पाय ब्रेकवर ठेवा आणि क्लच अगदी सावकाश सोडत या. इंजिनाचा आवाज जिथे किंचित बसतो, तिथे क्लच पकडू लागला. पेडलच्या रबरापासून स्टिअरिंगच्या खालच्या कडेपर्यंत टेपने हे अंतर मोजा, मग पेडल तळाला असतानाचं मोजा. दोन आकड्यांतला फरक हा तुमचा खालचा एकूण पल्ला. पकडण्याच्या जागेपासून खाली निदान अडीच-तीन सेंटीमीटर मी नेहमी सोडतो आणि त्याखालचंच कापतो. काही गाड्यांत असं केल्यावर कापायला काही उरतच नाही. तिथे स्टॉपर लावू नका.

लावल्यानंतरची परीक्षा रिव्हर्स गिअरची. बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो (गिअर पडण्याआधी फिरणाऱ्या भागांचा वेग जुळवणारा भाग) नसतो, त्यामुळे क्लच जरा जरी पूर्ण सुटत नसेल तरी आधी रिव्हर्सच खरखरतो. गाडी चांगली तापवून, पेडल स्टॉपरला टेकवून तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला तर स्टॉपर खाली घ्या. पुढचे गिअर गुपचूप पडतात म्हणून निश्चिंत होऊ नका. तिथे सिंक्रोची पितळी रिंग ते ओझं झेलत असते आणि झिजत असते. ती बदलायची म्हणजे गिअरबॉक्स उतरवून उघडायचा.

स्टॉपर कशाचा?

एका गाडीत मला लाकडी ठोकळा सापडला, डबल टेपने कार्पेटवर चिकटवलेला. दुसरीत पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा चिरून पुशरॉडवर चढवलेला. दोन्ही धोकादायक. उन्हात उभ्या गाडीत टेपचा गोंद विरघळतो आणि कार्पेट पायाखाली दबत जातं, त्यामुळे माप रोज बदलतं. पाइप तडकला तर त्याचा तुकडा पुशरॉडपाशी अडकून पेडल वरच येत नाही.

पण मला झोप येऊ देत नाही ती गोष्ट वेगळी आहे. क्लचच्या शेजारी ब्रेक आहे. सुटलेला ठोकळा, निखळलेला नट, घरंगळलेला रबराचा तुकडा ब्रेक पेडलखाली गेला तर ब्रेक दाबलाच जाणार नाही. पेडलच्या आसपास नुसत्या चिकटवलेल्या, बांधलेल्या किंवा अडकवलेल्या वस्तूला जागाच नाही. हा नियम मी कोणासाठीही, एका दिवसापुरताही मोडत नाही.

मी वापरतो तो ८ किंवा १० मिलिमीटरचा बोल्ट, दोन्ही बाजूंना मोठे वॉशर, घट्ट बसण्यासाठी नायलॉक नट, आणि उंची कमी-जास्त करायला वेगळा चेक नट. बोल्टच्या डोक्यावर जाड रबरी बुश घट्ट दाबून बसवलेला, म्हणजे पेडल लोखंडावर आपटत नाही. काही गाड्यांच्या पेडल ब्रॅकेटवर आधीपासून भोक असतं, ते मिळालं तर उत्तम. नसेल तर ड्रिल घेऊन थेट पत्र्यावर जाऊ नका. मागच्या बाजूला वायरिंग आणि ब्रेकच्या नळ्या असतात, आणि उघड्या राहिलेल्या भोकातून पावसाळ्यात पाणी कार्पेटखाली शिरून पत्रा गंजतो. आधी बॉनेटच्या बाजूने बघा, नाही कळलं तर गॅरेजमध्येच करून घ्या.

भोक सरकवणं, सिलिंडर बदलणं

पल्ला कमी व्हावा म्हणून लेथवाल्याकडून पेडलच्या दांड्याला पुशरॉड जोडायचं भोक नव्या जागी पाडून घेणारे भेटतात. इथे हिशेब सरळ आहे. क्लचला पुशरॉडपाशी २५ मिलिमीटर सरक लागते असं धरा. पेडलचं प्रमाण ६ ला १ असेल तर पाय १५० मिलिमीटर जाईल, ५ ला १ केलं तर १२५. पण जोर २० टक्के वाढला. ट्रॅफिकमध्ये तासाला शेकडो वेळा क्लच दाबणाऱ्या गुडघ्याला हे २० टक्के कळतात. शिवाय दांडा भोकापाशी कमजोर होतो, आणि पुशरॉड तिरका लागून सिलिंडरचं सील एका बाजूने खातो.

त्याच हेतूने ५/८ इंचाचा मास्टर सिलिंडर काढून ३/४ इंचाचा बसवला तर पिस्टनचं क्षेत्रफळ १.४४ पट होतं. जोरही तितकाच वाढतो, आणि पेडल नेहमीसारखं तळाला गेलं की पाकळ्या गरजेपेक्षा जास्त दाबल्या जातात. रोजच्या गाडीत हे करू नका.

पेडलखालचा स्विच

क्लच दाबल्याशिवाय स्टार्ट न होणाऱ्या गाड्यांत पेडलच्या खालच्या टोकाला स्विच असतो. स्टॉपर उंच झाला की पेडल स्विचपर्यंत पोचत नाही आणि गाडी स्टार्टच होत नाही. मग कोणीतरी स्विचच्या वायरी एकत्र जोडून देतो. आपण उतारावर गाडी गिअरमध्ये ठेवतो, हे विसरू नका. एखाद्या सकाळी घाईत चावी फिरवली की गाडी उडी मारून समोरच्याला धडकेल. स्विच दाबला जाईल इतका पल्ला राहत नसेल तर स्टॉपर खाली घ्या, वायरींना हात नको.

आधी हे बघून घ्या

पेडल पूर्वी ठीक होतं आणि हल्ली तळाशी जाऊन पकडायला लागलं असेल, तर पल्ला लांब नाही, गाडी आजारी आहे. केबल ताणली गेली असेल, पेडलचे बुश झिजले असतील, हायड्रॉलिकमध्ये हवा किंवा गळती असेल. अशा गाडीत स्टॉपर लावला तर होता तेवढा पल्लाही जाईल. आणि गिअर खरखरत असतील तर सगळ्यात आधी मॅट उचलून बघा. जाड ७डी मॅट, त्यावर पावसाळ्यात टाकलेली रबरी मॅट, असे दोन थर पेडलला तळाशी जाऊच देत नाहीत. एका मित्राला क्लच प्लेट बदलायला सांगितलं होतं. वरची मॅट काढली आणि रिव्हर्स गुपचूप पडला.

स्टॉपर लावलेल्या गाडीची क्लच प्लेट किंवा केबल बदलायची वेळ आली की तो आधी काढून ठेवा आणि मिस्त्रीला तसं सांगा. नवीन प्लेटला क्लच वेगळ्या जागी पकडतो, जुनं माप तिला लागू होत नाही. पाच-सहाशे किलोमीटर चालवून प्लेट बसली की गरम गाडीवर पुन्हा टेप धरायची.