मिरगाआधीची खरेदी: ताडपत्री, कागद आणि खालचा कागद

प्लास्टिकची खरेदी मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उरकून टाका. मिरग (मृग नक्षत्र) 7-8 जूनला लागतो हे खरं, पण 2020 मध्ये ‘निसर्ग’ चक्रीवादळ 3 जूनलाच श्रीवर्धन-दिवेआगरवर येऊन आदळलं, आणि पुढच्या वर्षी ‘तौक्ते’ने मेच्या मध्यावर सगळी किनारपट्टी झोडपली. कौलं उडाल्यावर दुकानात गेलात तर हवी ती ताडपत्री मिळत नाही, उरलेली मिळते.

आधी टेप घ्या आणि काय काय झाकायचंय ते घराभोवती फिरून लिहून काढा. लाकडं, शेणी, पेंढा, पडवीची नैर्ऋत्येची बाजू, पंपाची खोपी, होडी असेल तर होडी. माप घेताना ढिगाचा माथा मोजून थांबू नका. दोन्ही बाजूंना खाली उतरणारा भाग धरा. आणि ढिगाखालची जमीनही मोजा. हो, जमीन. गेल्या वर्षी मी नेमकं हेच विसरलो. म्हणून पुढे ते पुन्हा पुन्हा येणार आहे, कंटाळू नका.

दोरी, कात्री, खिळे सांगत बसत नाही.

दुकानात जाऊन नुसतं ‘प्लास्टिक द्या’ म्हणू नका. म्हणालात तर समोरचा त्याला जे संपवायचंय ते देतो. निदान चार वेगळ्या वस्तू आहेत. पहिला साधा कागद, म्हणजे रोलवरून कापून किलोवर मिळणारा पॉलिथिनचा पत्रा. तो एकसंध असतो, भोक पडत नाही तोवर थेंबही जाऊ देत नाही. पण एकदा चीर गेली की ती थांबत नाही. दुसरी आपली नेहमीची ताडपत्री, निळी किंवा पिवळी. ती आतून विणलेली असते: एचडीपीई नावाच्या चिवट प्लास्टिकच्या चपट्या पट्ट्या उभ्या-आडव्या विणून दोन्ही अंगांनी वर पातळ थर चढवतात. ताकद विणीची आणि पाणी अडवायचं काम थराचं, हे लक्षात ठेवा. थर घासून गेला तरी ताडपत्री धडधाकट दिसते, ओढली तर फाटत नाही, आणि पाऊस मात्र आत येतो. जुनी ताडपत्री पुन्हा वापरायची असेल तर तिची घडी पडते त्या रेषांवर खोळ करून तांब्याभर पाणी ओता आणि खालून बघा. आधी घाम फुटल्यासारखे बारीक थेंब येतात, मग ते एकमेकांना मिळून घडीच्या रेषेवरून ओघळतात. अशी ताडपत्री वर घालू नका, फेकूही नका. खाली घाला.

तिसरी वस्तू सिल्पोलिन. हे एका कंपनीच्या मालाचं नाव, पण आपल्याकडे त्या जातीच्या सगळ्याच मालाला सिल्पोलिन म्हणतात. वीण नसते, वेगवेगळ्या दिशांना ताणलेले पातळ थर एकमेकांवर आडवे-तिडवे चिकटवलेले असतात, त्यामुळे एका थराची चीर दुसऱ्यात अडते. हलकी, मऊ, घडीवर लवकर तुटत नाही. माझं मत विचाराल तर लाकडांवर आणि पेंढ्यावर हीच. चौथी पीव्हीसीची, ट्रकवर असते ती. आत पॉलिस्टरचं कापड, वर पीव्हीसीचा लेप. घरगुती कामाला ती नको. भिजली की दोन माणसं लागतात उचलायला, आणि पैसे वेगळेच. हिरवी शेडनेट ही पाचवी, पण ती पाऊस अडवत नाही. पडवीला लावली तर झडीचा जोर मोडतो, तुषार आत येतातच. दरवर्षी कुणीतरी ती लाकडांवर टाकतो.

आता जाडी. ताडपत्री आणि सिल्पोलिन जीएसएमवर मोजतात, म्हणजे एका चौरस मीटरचं वजन किती ग्रॅम. साधा कागद मायक्रॉनवर, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आणि जुने दुकानदार अजून गेजमध्ये बोलतात. ‘चारशेचा कागद आहे, एकदम जाड’ असं ऐकून खूश होऊ नका. 400 गेज म्हणजे साधारण 100 मायक्रॉन. दोन्ही आकडे खरे, फक्त तुम्हाला मोठा ऐकवला. कागद किलोवर असल्यामुळे हिशेब सोपा आहे: 100 मायक्रॉनचा एक किलो कागद साधारण 117 चौरस फूट भरतो. त्याहून बराच जास्त भरला तर तो 100 मायक्रॉनचा नव्हे.

ताडपत्रीवर छापलेल्या जीएसएमवर विश्वास ठेवू नका, काट्यावर टाका. 12 बाय 18 फुटांची ताडपत्री म्हणजे 20 चौरस मीटर. 200 जीएसएमची असेल तर चार किलो भरली पाहिजे, 120 ची असेल तर 2.4 किलो. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, घालू दे. माप पण त्याच्यासमोर उघडून बघा; कडा दुमडून शिवायच्या आधीचं माप सांगायची पद्धत आहे, हातात येते ती सगळीकडून थोडी कमी. एका पावसाळ्याला 120 पुरते. दोन-तीन वर्षं काढायची असतील तर 200 घ्या. 90 ची घेऊन पैसे वाचत नाहीत.

यूव्ही आहे का, हे विचारा. उन्हातल्या अतिनील किरणांनी पॉलिथिनच्या साखळ्या तुटतात, आणि कागद आधी पांढुरका पडतो, मग हातात चुरा होतो. हे टाळायला बनवतानाच त्यात स्थिरक घालतात. निळा रंग म्हणजे यूव्ही नव्हे, जाड म्हणजेही यूव्ही नव्हे. काळ्या कागदातली काजळी मात्र स्वतःच ऊन अडवते, म्हणून चांगला काळा कागद उन्हात पारदर्शकापेक्षा कितीतरी जास्त टिकतो. चांगला म्हणतोय. भंगार वितळवून केलेला कागदही काळाच असतो. त्याला उग्र वास येतो, उजेडासमोर धरला तर खडे आणि टाचणीएवढी भोकं दिसतात. आणि एक, भर पावसात यूव्हीची परीक्षा होत नाही, ढगच असतात. ऑक्टोबरच्या उन्हात होते. झाकण तसंच राहू दिलंत तर दिवाळीपर्यंत खेळ खलास.

ताडपत्रीच्या कडेला दोरी ओवायच्या रिंगा असतात, त्या बघा. खाऱ्या हवेत लोखंडी रिंग गंजते आणि गंज भोवतालचं कापडही खातो. ॲल्युमिनियमची किंवा पितळेची घ्या. रिंग उपटून आलीच तर नवं भोक पाडू नका: सुपारीएवढा गुळगुळीत गोटा आतून कापडात धरा, बाहेरून त्याच्या मानेला दोरीचा फास घाला. रिंगेपेक्षा घट्ट बसतो.

आता ते खालचं.

वर ताडपत्री कितीही भारी घातली तरी जमिनीतून ओल येतेच. जांभ्याची जमीन जुलैमध्ये तुडुंब भरलेली असते, त्यावर शेणी रचल्यात तर ती ओल खालून शेणींत चढते. तिथेच थांबत नाही. तिची वाफ ढिगातून वर जाते, थंड ताडपत्रीच्या पोटाला लागून तिचं पाणी होतं आणि ते पुन्हा ढिगावर ठिबकतं. ताडपत्री जितकी चांगली तितकं हे जास्त, कारण जी बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही ती आतलं बाहेर तरी कशी सोडेल? मी श्रावणात ताडपत्री उचलली तेव्हा तिला एक भोक नव्हतं. वरच्या शेणींवर पांढरी बुरशी होती, मधल्या कोमट लागत होत्या आणि तळच्या दोन थरांचं परत शेण झालं होतं. चूल त्या वर्षी गॅसवर.

म्हणून खाली कागद. साधा, 100 मायक्रॉनचा, जुनी गळकी ताडपत्री असेल तर ती दुहेरी करून. भोकं असलेल्या भागावर भोकं येणार नाहीत अशी. सगळ्या खरेदीतली सर्वात स्वस्त वस्तू आहे ही, आणि हीच घ्यायची राहून जाते. कागदाखाली खडे, बाभळीचे काटे नकोत. आधी झाडून घ्या, जमलं तर दोन बोटं वाळू किंवा कोंडा पसरा. कागदावर थेट ढीग नको. त्यावर पोफळीच्या फाळी (चिरलेल्या खोडाच्या पट्ट्या) किंवा चार फळ्या टाका, म्हणजे हवा फिरेल. मग ढीग.

आणि याहून महत्त्वाचं: खालचा कागद वरच्या ताडपत्रीच्या बाहेर डोकावता कामा नये. चारी बाजूंनी वीतभर आत. बाहेर राहिला तर ताडपत्रीवरून उतरलेलं पाणी त्याच्यावर पडतं आणि सरळ ढिगाखाली शिरतं, मग कागद नसता तर बरं झालं असतं अशी वेळ येते. बांधून झालं की खाली बसून, डोकं जमिनीला लावून बघा. खालच्या कागदाची कड दिसली तर दुमडून आत घाला. उभ्यानं बघून कळत नाही.

वरची ताडपत्रीही जमिनीपर्यंत ओढून दगड ठेवून बंद करू नका. वाऱ्याकडची बाजू खाली आणा, पाठची बाजू हातभर उघडी ठेवा. वाफेला वाट हवी. पुन्हा सांगतो, खाली कागद आणि पाठीमागे उघडं, या दोन गोष्टी केल्यात तर 120 जीएसएमची ताडपत्रीही पुरते.

उतार द्या. मध्ये एक आडवा वासा किंवा बांबू घालून पाठ उंच करा. ताडपत्री सैल राहिली की पोट सुटतं, पोटात पाणी साचतं. एक मीटर लांब-रुंद आणि 10 सेंटिमीटर खोल पाणी म्हणजे 100 किलो, सिमेंटच्या दोन गोणी. रिंगा कशाने तुटतात ते कळलं ना? वाशाच्या टोकाला गोणपाट गुंडाळा, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात तो ताडपत्री घासून बाहेर येतो. दोरी ताणून कडक बांधू नका. दोरी आणि रिंग यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घातला की झटका तो खातो. वर दगड किंवा कौलं ठेवायची सवय सोडा, त्यांच्या कडा थर कापतात. वाळूच्या पिशव्या दोरीनं दोन्हीकडे लोंबकळत सोडा.

दोन तुकडे जोडायचे असतील तर कौलांसारखे, वरचा खालच्यावर, निदान हातभर. पॉलिथिनला साधा गोंद धरत नाही, चिकटपट्टी ओल्यात सुटते. दोन्ही कडा एकत्र गुंडाळून त्यावर लाकडी पट्टी ठोका.

पडवीला पारदर्शक कागद लावायचा तर लावा, उजेड राहतो. पण खालची कड मोकळी सोडलीत तर रात्रभर फडफड आणि सकाळी चिंध्या. खालच्या कडेत बांबू गुंडाळा. नारळाच्या चुडताची झापं मिळत असतील तर कागद आत आणि झापं बाहेर. झापं वारा आणि ऊन घेतात, कागद पाणी घेतो, दोघं एकमेकांना सांभाळतात. चुलीच्या धुराड्यापासून आणि बल्बपासून लांब. साधा कागद 110 अंशांच्या आसपास वितळतो, आणि लोंबायला तर त्याच्या आधीच लागतो.

होडी: मासेमारीबंदी 1 जूनपासून, तेव्हाच झाका. दोन्ही टोकं उघडी. होडीखाली ओंडके.

पेंढ्याच्या उडवीला तेच, खाली कागद, त्यावर फाळी, मग पेंढा. पेंढा ओला रचला तर कुठलंच प्लास्टिक वाचवत नाही.

भाताचं वेगळं. कापणीच्या वेळी ऑक्टोबरात संध्याकाळी गडगडतं, तेव्हा खळ्यावरचं भात झाकायला एक मोठी ताडपत्री हाताशी घडी करून ठेवा. सकाळी ऊन आलं की लगेच काढा. ओलं भात झाकलेलं राहिलं की आतून तापतं आणि मोड येतात. साठवायच्या भातात 14 टक्क्यांपेक्षा जास्त ओल नको. पोती ठेवाल तिथेही खाली कागद आणि फळ्या. पोती भिंतीला टेकवू नका, भिंतही ओल देते.

पावसात मधूनमधून चक्कर मारा. गाठी, पोट, खालची कड.

नवरात्राच्या सुमारास सगळं काढा, धुवा, सावलीत वाळवा. ओली घडी घातली तर बुरशी. घडी दरवर्षी त्याच रेषेवर घालू नका, गुंडाळी केलीत तर उत्तम. माळ्यावर उंदीर असतील तर पत्र्याच्या पेटीत. फाटलेलं भंगारवाल्याला द्या, चुलीत घालू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा धूर निघतो.

मार्करनं कोपऱ्यावर माप, जीएसएम आणि घेतल्याचं वर्ष लिहा. गळक्यांवर मोठ्या अक्षरात ‘खालची’ लिहा, नाहीतर पुढच्या मे महिन्यात कुणीतरी तीच वर घालेल.