युरोपचं तिकीट काढताना या चुका टाळा

म्युनिकला उतरलो तेव्हा आईचे पाय चपलेत जाईनात. घोटे सुजून गोल झाले होते आणि चपलेचा पट्टा पावलात रुतत होता. बडोद्याला दांडिया बाजारातल्या घराला कुलूप लावल्याला तेव्हा सव्वीस तास झाले होते. तिकीट मीच काढलं होतं, नावाजलेल्या कंपनीचं आणि त्यातलं सगळ्यात स्वस्त. आई एका शब्दानं बोलली नाही. "जरा टेकते," म्हणाली आणि सामानाच्या पट्ट्याजवळच्या बाकावर डोळे मिटून बसली.

तो बाक मी विसरलेले नाही. त्यानंतर घरातली, नात्यातली, शेजारपाजारची बरीच तिकिटं काढून दिली. आपल्याकडे कुणाची लेक नेदरलँड्सला असते, कुणाचा मुलगा जर्मनीत, आणि सत्तरीचे आईवडील वर्षा-दोन वर्षांनी इकॉनॉमीतून जाऊन येतात. सगळे विचारतात, "कुठली एअरलाइन चांगली?" मला वाटतं, पहिली चूक या प्रश्नातच होते.

कंपनी पाहिली, विमान पाहिलंच नाही

एकाच कंपनीकडे चार प्रकारची विमानं असतात आणि तुमचा आराम विमानाच्या प्रकारावर ठरतो. बोइंग ७७७ मध्ये बहुतेक कंपन्या आता एका रांगेत दहा खुर्च्या बसवतात, ३-४-३ अशा. खुर्चीची रुंदी जेमतेम १७ इंच राहते आणि शेजारच्याचं कोपर सगळा वेळ तुमच्या बरगडीपाशी असतं. एअरबस ए३५० मध्ये बहुतेकांकडे ३-३-३ अशी नऊची रांग असते आणि रुंदी १८ इंचांच्या आसपास मिळते. ए३८० च्या खुर्च्याही साधारण तेवढ्याच रुंद. बोइंग ७८७ मध्ये रांग नऊचीच, पण खुर्ची अरुंद, १७ इंचांच्या किंचित वर. इंचभरानं काय होतंय, असं वाटेल. नऊ तास खांदा आत ओढून बसलेल्या माणसाला विचारा.

आईबाबा दोघंच जाणार असतील तर मी आधी ए३३० शोधते. त्यात २-४-२ अशी मांडणी असते, म्हणजे खिडकीकडच्या दोन खुर्च्या फक्त त्या दोघांच्या. रात्री बाथरूमला जायचं तर तिसऱ्या अनोळखी माणसाला उठवावं लागत नाही. उठवायचा संकोच वाटतो म्हणून आपली ज्येष्ठ मंडळी पाणीच पीत नाहीत, आणि मग डोकं दुखतं, पाय जड होतात.

केबिनमधला हवेचा दाबही बघण्यासारखा असतो. जुन्या धाटणीच्या विमानांत तो साधारण ८,००० फूट उंचीवर असावा इतका उतरू शकतो, म्हणजे शिमल्याच्याही वर. ७८७ आणि ए३५० मध्ये तो ६,००० फुटांच्या आसपास ठेवतात. उतरल्यावरचा थकवा त्यानं कमी होतो, हे मला दर वेळी जाणवतं.

विमानाचा प्रकार तिकिटाच्या तपशिलात लिहिलेला असतो. गूगल फ्लाइट्सवर प्रत्येक उड्डाणाखाली तो दिसतो, शिवाय पाय ठेवायची जागा किती इंच तेही दिसतं. ३१-३२ इंच म्हणजे नेहमीचं. २९-३० दिसलं तर उंच माणसानं पुढे जाऊ नये. हा आकडा मात्र एका खुर्चीपासून पुढच्या खुर्चीच्या त्याच जागेपर्यंतचा असतो, गुडघ्यासमोरच्या मोकळ्या जागेचा नाही. पुढच्या खुर्चीची पाठ जाड असली की ३२ इंचांतही गुडघे टेकतात. खुर्च्यांची नेमकी मांडणी एरोलोपा या संकेतस्थळावर नकाशासारखी बघायला मिळते.

आणि एक, विमान कुणाचं आहे ते वाचा. तिकीट एका कंपनीच्या नावावर आणि उडवणारी कंपनी दुसरीच, असं कोडशेअरमध्ये सर्रास होतं. बारीक अक्षरात "ऑपरेटेड बाय" म्हणून जे नाव असतं, खुर्ची, जेवण, सामानाचे नियम सहसा त्यांचे.

उड्डाणाचे तास मोजले, घरापासूनचे मोजले नाहीत

बडोदेकरांची सगळ्यात मोठी चूक हीच, आणि मी ती पुरेपूर केली आहे.

हरणी विमानतळावरून युरोपला थेट काही नाही. म्हणजे दोनच खरे रस्ते. एक अहमदाबाद: एक्स्प्रेसवेनं सुमारे दोन तास, तिथून दुबई, दोहा किंवा अबू धाबी, आणि पुढे युरोप. दुसरा मुंबई: तिथून लंडन, फ्रँकफर्ट, म्युनिक, झुरिक, पॅरिस, ॲमस्टरडॅमला थेट विमानं आहेत.

अहमदाबाद जवळ म्हणून आपण डोळे मिटून तेच घेतो. पण आखाताची बरीच विमानं तिथून पहाटे सुटतात. म्हणजे घरून रात्री अकराला निघा, एकला पोहोचा, तीन तास रांगा आणि लाकडासारख्या खुर्च्या. विमानात डोळा लागतो न लागतो तोच जेवणाची गाडी, आणि तीन-साडेतीन तासांत उतरायची वेळ. पुढच्या विमानात सहा-सात तास, तेही भर दिवसाच्या उजेडात. झोपेचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही निरुपयोगी.

मुंबईहून थेट विमान घेतलं तर सकाळच्या गाडीनं बोरिवलीला उतरा, कुणा नातेवाइकाकडे जेवून दुपारी आडवे व्हा, रात्री विमानतळ गाठा. मध्यरात्रीनंतरचं विमान, नऊ-दहा तास सलग, पहाटे किंवा सकाळी युरोपात. माझं स्पष्ट मत असं, की साठीपुढच्या माणसांना घेऊन जायचं आणि मुंबईत टेकायला घर आहे, तर पाच-सात हजार जास्त पडले तरी हाच रस्ता घ्यावा. तरुण मंडळींना, किंवा जायचं ठिकाण मुंबईहून थेट नाही त्यांना, अहमदाबाद ठीक आहे, पण मधला थांबा दोन ते साडेतीन तासांचा बघा. आम्ही नऊ तासांचा घेतला होता, कारण तिकीट अकरा हजारांनी स्वस्त होतं. बाबा धातूच्या बाकावर हँडबॅग उशाला घेऊन झोपायचा प्रयत्न करत होते, आणि दर पंधरा मिनिटांनी घोषणा.

दिल्लीमार्गे भारतीय कंपनीनं जाणार असाल तर उड्डाणाचे तास नव्यानं पाहा. पाकिस्ताननं एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना आपली हवाई हद्द बंद केली, आणि त्यामुळे दिल्लीहून पश्चिमेकडे जाणारी विमानं वळसा घेऊ लागली. दोन-तीन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्यानं सांगितलेल्या तासांवर विसंबू नका.

दोन वेगळी तिकिटं जोडली

बडोदा-मुंबई एक तिकीट, मुंबई-युरोप दुसरं. दिसायला स्वस्त. पण पहिलं विमान उशिरा आलं आणि दुसरं सुटलं, तर दुसऱ्या कंपनीचा तुमच्याशी संबंध नाही. एकाच पीएनआरवर सगळा प्रवास असेल तर पुढच्या विमानात बसवण्याची जबाबदारी कंपनीची असते. २३ जून २०२५ च्या रात्री कतारनं काही तास हवाई हद्द बंद केली तेव्हा असंख्य प्रवासी अडकले. अशा वेळी एकसंध तिकीट हाच आधार.

वेगळ्या तिकिटांत सामानाचाही घोळ होतो. आंतरराष्ट्रीय तिकिटावर २३ किंवा ३० किलो, पण देशांतर्गत तिकिटावर साधारण १५. बडोद्याच्या काउंटरवर भाकरवडी आणि लीलो चिवडो बाहेर काढून हँडबॅगेत कोंबणारी कुटुंबं मी पाहिली आहेत. मुंबईला सामान पुन्हा घ्यायचं, आणि विमान टर्मिनल एकवर उतरलं तर रस्त्यानं टर्मिनल दोनला जायचं. (जाता जाता: पेढे, तूप, खवा, चीज असे दुधाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत. मुलांसाठी प्रेमानं बांधलेला डबा कस्टममध्ये जातो, फार वाईट वाटतं.)

मधल्या थांब्याचा व्हिसा आणि रांग

शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, पण ब्रिटनला नाही) हातात आहे म्हणून लंडनला विमान बदलता येईलच, असं समजू नका. ब्रिटन भारतीय पासपोर्टवर विमानतळात थांबण्यासाठीही वेगळा ट्रान्झिट व्हिसा मागतं. सवलती आहेत, पण साधा पर्यटनाचा शेंगेन व्हिसा त्यात धरू नका. तिकिटाचे पैसे भरण्याआधी ज्या देशात विमान बदलणार त्याच्या सरकारी संकेतस्थळावर पाहा.

शेंगेन देशात विमान बदलून दुसऱ्या शेंगेन देशात जायचं असेल, म्हणजे फ्रँकफर्टहून व्हेनिस वगैरे, तर पासपोर्टची तपासणी पहिल्याच विमानतळावर होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिथे बोटांचे ठसे आणि फोटो घेणारी नवी नोंद सुरू झाली आहे. वर सुरक्षा तपासणी पुन्हा. तिकिटावर सव्वा तासाचा थांबा दिसला तर तो नियमात बसत असेल, पण गुडघे दुखणाऱ्या आईला घेऊन तो जमत नाही. अडीच तास तरी ठेवा.

भाडं पाहिलं, बेरीज केली नाही

सगळ्यात खालचं भाडं बऱ्याचदा "लाइट" असतं. त्यात चेक-इन सामान नाही किंवा जागा निवडता येत नाही. तिघांच्या जागांचे पैसे, जातानाचे आणि येतानाचे, सामानाचे पैसे मिळवा, मग दोन कंपन्यांची तुलना करा.

जागा निवडताना शेवटची रांग टाळा, पाठ मागे जात नाही आणि बाथरूमची रांग कानाशी. सगळ्यात पुढच्या भिंतीसमोरच्या रांगेत पाय मोकळे राहतात, पण ट्रे खुर्चीच्या हातातून निघतो म्हणून खुर्ची अरुंद लागते, तो हात वर होत नाही, आणि तान्ह्या बाळांचे पाळणे तिथेच लावतात.

जेवणाचं मी थोडं सविस्तर सांगते, कारण आपल्याकडे हमखास चुकतं. फॉर्ममध्ये "व्हीजीएमएल" दिसलं की आपण शाकाहारी म्हणून ते निवडतो. ते व्हीगन असतं: दही नाही, पनीर नाही, लोणी नाही. बाबांच्या ताटात उकडलेली भाजी आणि कोरडा भात आला, आणि शेजारच्या गुजराती काकांना मटार-पनीर आणि दही. त्यांनी "एव्हीएमएल" घेतलं होतं. आपल्या पद्धतीचं शाकाहारी म्हणजे एव्हीएमएल. जैन जेवण व्हीजेएमएल. मागणी किमान २४ तास आधी नोंदवा, आणि मधे विमान बदललं तर दोन्ही उड्डाणांवर ती दिसते का तेही पाहा.

तिकीट आधीच काढून झालंय?

तरी बरंच हातात असतं. तिकिटावरचं विमान बदललं का ते निघायच्या आठवड्यात पुन्हा पाहा, कारण विमान बदललं की निवडलेल्या जागाही हलतात. कंपनीनं स्वतः वेळ बरीच बदलली असेल तर फोन करून दुसरं उड्डाण मागा, अशा वेळी बहुधा पैसे न घेता बदलून देतात. ऑनलाइन चेक-इन उघडताच जागा बघा. अडवून ठेवलेल्या चांगल्या जागा तेव्हा सुटतात.

व्हीलचेअरची मागणी ४८ तास आधी नोंदवा. ज्यांना चालता येतं पण लांबचं झेपत नाही, इंग्रजी पाट्या वाचायची भीती वाटते, त्यांनीही संकोच करू नये. विमानात तासातासाला उठून दोन फेऱ्या मारायच्या. पाय सुजत असतील तर घट्ट मोज्यांबद्दल आपल्या डॉक्टरांना आधी विचारा. चार तासांपुढच्या प्रवासात शिरेत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो. पॉवर बँकेवर भिस्त ठेवू नका, बऱ्याच कंपन्या आता ती विमानात वापरू देत नाहीत.

युरोपीय संघातल्या देशातून निघणारं कुठलंही विमान, आणि संघातल्या कंपनीचं भारतातून तिकडे जाणारंही, युरोपीय संघाच्या २६१/२००४ या नियमाखाली येतं. कंपनीच्या चुकीनं फार उशीर झाला तर लांबच्या प्रवासाला माणशी ६०० युरोपर्यंत भरपाई मागता येते. आखाती कंपनीनं भारतातून जाताना हा नियम लागत नाही. बोर्डिंग पास टाकून देऊ नका.

येताना आखाताकडून अहमदाबादला येणारी विमानं बऱ्याचदा रात्री दोन-तीनला उतरतात. घरची ओढ असते, भाचा गाडी घेऊन आलेला असतो, तोही दिवसभर काम करून जागा. एक्स्प्रेसवे सरळसोट आणि रिकामा, त्या वेळी डोळा लागायला क्षण पुरतो. आम्ही आता विमानतळाजवळ खोली घेतो, आंघोळ करून झोपतो आणि सकाळी चहा पिऊन बडोद्याला निघतो.